साहेबांची पाठ

जनावरांच्या दवाखान्यात शिरलं की समोर टेबल, टेबलामागे बाई आणि बाईंच्या मागच्या भिंतीवर कासवाचा तक्ता. कुत्र्याचा तक्ता होता, मांजराचा होता, पोपटाचाही होता. पण लोक उभे राहून वाचायचे तो कासवाचा. तो बाईंनी लिहिला होता आणि त्यावरून सगळे त्यांना कासवबाई म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने म्हणू लागले आणि शेवटी शेवटी तर आदराने.

खरं तर त्यांचं काम नावं लिहून घेण्याचं. जनावर कुणाचं, वजन किती, मागची सुई कधी दिली, एवढंच. पण डॉक्टरांचं बोलणं म्हणजे उतारावरची सायकल. मालकाला ते जे सांगत त्यातलं निम्मं दारापर्यंत पोचायच्या आतच सांडून जाई. बाई आधी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. छापखाना बंद पडला तेव्हा इथे आल्या, पण शब्द नीट लावायची खोड गेली नव्हती. डॉक्टर बोलत ते त्या टिपून घेत आणि साध्या भाषेत कागदावर उतरवून मालकाच्या हातात देत. कासवाच्या कागदाची गरज सगळ्यांत जास्त, कारण कासवाचं दुखणं फार उशिरा कळतं. कुत्रं विव्हळतं, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. कासव मात्र बरं असलं तरी बसलेलं आणि मरायला टेकलं तरी बसलेलंच.

कागद चांगला उतरला होता. पाव नको, दूध नको, मांजराचं खाणं तर अजिबात नको. पालेभाज्या आणि गवत द्या. काचेआडून येणारं ऊन कामाचं नाही, ते अंगावर थेट पडायला हवं. गुळगुळीत फरशीवर फिरवू नका, पाय फाकतात. कोमट पाण्यात बसवा, पण पाणी हनुवटीच्या खालीच हवं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांनी तो मागून नेला, मग दुसऱ्या गावांतल्या दुकानांनीही. वाचणारा दचकला पाहिजे, म्हणजे लक्षात ठेवतो, असं बाईंचं मत होतं. म्हणून ‘कधीही नाही’ हे शब्द जागोजागी ठळक होते आणि तळाशी लाल अक्षरांत एक ओळ होती: ‘कासवाची उंचसखल पाठ म्हणजे मालकाचा आळस.’

डॉक्टरांनी ती ओळ वाचली तेव्हा ते मोठ्याने हसले. “झणझणीत आहे. राहू द्या!” म्हणाले आणि तो कागद मोठा करून घेऊन स्वतःच खिळा ठोकून भिंतीवर लावला.

आणि बाईंच्या घरी, स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, एक कासव होतं. हे दवाखान्यात कुणालाही माहीत नव्हतं.

त्याचं नाव साहेब. बाईंचे यजमान लाकडाच्या वखारीत कामाला होते, नाव त्यांनीच ठेवलं होतं. उशिरा उठायचं, सावकाश चालायचं, हाक मारली की मान आत घ्यायची आणि जेवणाच्या वेळेला मात्र बरोबर हजर. मग याला दुसरं काय म्हणणार? साहेबांची प्रकृती उत्तम होती, भूक दांडगी होती. पण पाठ अशी, की अंड्यांचा रिकामा ट्रे पालथा घालावा. एकेक चौकोन टेकाडासारखा वर आलेला.

साहेब आले तेव्हा तळहाताएवढे होते. धाकटे दीर गाव सोडून चालले होते, त्यांनी जाताना पुतणीच्या हातात ठेवलं. मुलगी तेव्हा लहान होती. तिने पाव दुधात बुडवून दिला, साहेबांनी खाल्ला. शेजारच्या मांजराचं खाणं दिलं, तेही चाटूनपुसून खाल्लं. बंद खिडकीच्या काचेपाशी त्यांची पेटी ठेवली होती, उजेड यावा म्हणून. साहेब भराभर वाढले आणि आल्यागेल्याला बाई कौतुकाने दाखवत, “बघा, कसं बाळसं धरलंय!” वाढ चुकीची होती हे कुणाला ठाऊक!

दवाखान्यात लागल्यावर पहिल्या वर्षीच त्यांना ते कळलं. कुणीतरी असंच टेकाडाटेकाडांचं कासव आणलं होतं. डॉक्टरांनी ते हातात उलटंपालटं केलं आणि मालकाला म्हणाले, “दूध-पाव, मांजराचं खाणं आणि बंद खिडकी. बरोबर?” मालकाने मान खाली घातली. टेबलामागे बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी सगळं बदललं. पेटी फेकून दिली. यजमानांकडून गॅलरीत लाकडी वाफा करून घेतला, त्यात माती घातली, दिवा आणला, भाजीवालीकडून रोजचा पाला बांधून घेतला. साहेब तरतरीत झाले. पाठ मात्र तशीच राहिली. कवचाचं हाड एकदा तसं वाढलं की परत सपाट होत नाही. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. आधी नोकरी नवी म्हणून. पुढे, आता इतक्या उशिरा काय सांगायचं म्हणून. आणि तक्ता भिंतीवर लागल्यावर तर सांगायची सोयच उरली नाही. घरी कुणी पाहुणा आला की बाई गॅलरीचं दार ओढून घेत आणि त्यावर ओला टॉवेल वाळत टाकत.

मुलगी आता कॉलेजात जायला लागली होती. एकदा जेवताना ती म्हणाली, “आई, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि आपला पाषाण तर चालतोसुद्धा!” यजमान खो खो हसले. बाईंनी आमटी वाढली आणि मीठ बघायला सांगितलं.

हे असंच चाललं असतं. पण एके दिवशी शिलाईकाकू आल्या.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. वर राहायचं, खाली शिवायचं. घरात दुसरं कुणी नव्हतं. खांद्यावर कापडी पिशवी, ती दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. बाईंनी नाव विचारलं. काकूंनी सांगितलं.

“काय आणलंय?”

“कासव. खात नाहीये नीट.”

“बसा. दोघं आहेत पुढे.”

काकू बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. समोर तक्ता होता. त्या वाचायला लागल्या, ओठ हलवत, सावकाश. बाई एकीकडे मांजराचं वजन लिहीत होत्या, पण लक्ष तिकडेच होतं. आपलं लिहिलेलं कुणी वाचायला लागलं की त्यांना आतून बरं वाटे. काकू पावापाशी थांबल्या. उन्हापाशी थांबल्या. मग नजर तळाच्या लाल ओळीवर गेली आणि तिथेच खिळली. त्यांनी पिशवीचं तोंड जरा उघडून आत पाहिलं. मग पुन्हा तक्त्याकडे. त्यांच्या गालांवर, कानांवर लाली चढत गेली.

मग त्या उठल्या, पिशवी पदराखाली घेतली आणि दाराकडे गेल्या. अंग चोरून, कुणाचा धक्का लागू नये अशा.

बाईंनी पाहिलं. कुणाला समजणार नाही एवढं नेमकं त्यांना समजलं. हेच अंग चोरणं त्या स्वतः इतकी वर्षं घरी करत होत्या. “अहो काकू, थांबा,” एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण थांबवलं तर मग पुढे काय बोलायचं? ‘घाबरू नका, होतं असं,’ म्हटलं, तर त्या विचारणार, ‘तुम्हाला काय ठाऊक?’ बाईंनी मान खाली घातली आणि मांजराचं वजन पुन्हा एकदा लिहिलं. दार वाजलं. पुढचा नंबर पुकारला गेला.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दोन-तीनदा ठरवलं की मागच्या गल्लीत जाऊन यावं. एकदा तर बाजाराच्या तोंडापर्यंत गेल्या आणि कोथिंबीर घेऊन परत आल्या.

शिलाईकाकू परत आल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. या वेळी त्या बाकावर बसल्याच नाहीत, सरळ टेबलाशी आल्या. “म्हातारी उठत नाहीये,” म्हणाल्या. कासवाचं नाव म्हातारी होतं. वयाने ते लहानच होतं. बाई त्यांना नंबर न लावता आत घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी म्हातारीला टेबलावर ठेवलं. मागचे पाय फरफटत होते. चोच पोपटासारखी वाकून वाढली होती, तोंड मिटत नव्हतं. डॉक्टरांनी अंगठ्याने पाठ दाबली, ती ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

“खायला काय देत होता?”

“माझ्यासोबतच खायची. चहात बुडवलेलं बिस्किट. मशिनखाली बसायची, इस्त्रीच्या उबेला.” काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“अहो, हे एका दिवसात झालेलं नाही. इतका उशीर का केलात? आधी का नाही आणलंत?”

काकूंनी दाराच्या फटीतून बाहेर, तक्ता होता त्या दिशेला पाहिलं. “आणलं होतं की,” त्या म्हणाल्या. “पण बाहेर वाचलं आणि परत गेले. लाज वाटली.” मग बाईंकडे वळून, जणू बाईंचंच मन राखायला म्हणाल्या, “तुमचं बरोबरच लिहिलंय हो, ताई. आळसच माझा.”

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं माणसं उगीच म्हणत नाहीत. बाईंच्या हातात कापसाचं बंडल होतं, ते त्या नुसत्या चिवडत उभ्या राहिल्या. डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं. ते सुई भरत होते.

म्हातारीला दवाखान्यात ठेवून घेतलं. बाई तिला रोज कोमट पाण्यात बसवायच्या, चिमट्याने औषध भरवायच्या, दिव्याखाली ठेवायच्या. शिलाईकाकू दुकान बंद करून येत, जाळीपाशी बसत आणि तिच्याशी बोलत: आज कुणाचा झगा घट्ट झाला, कुणी माप देऊन फिरकलंच नाही. आठवडा पुरा व्हायच्या आत म्हातारी गेली. काकूंनी तिला कोऱ्या कापडात गुंडाळून नेलं. जाताना बाईंना “त्रास दिला तुम्हाला,” म्हणाल्या.

त्या दिवशी बाईंनी ती लाल ओळ खोडली. काळ्या शाईने, जाड. पण खोडलेलं उलट जास्तच दिसतं. आणि उरलेला कागद वाचताना त्यांना कळलं की ओळ एकटी दोषी नव्हती. सगळा कागदच दरडावत होता. ‘नाही, नाही, कधीही नाही.’ चूक न केलेल्यांनाच वाचवेल असा तो कागद होता. ज्याच्या हातून चूक होऊन गेली आहे त्याने पुढे काय करायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. छापखान्यात दुसऱ्याच्या चुकीवर खूण करताना त्यांना कधी राग आला नव्हता. मग इथे एवढा राग कुठून आला, ते त्या विचारत बसल्या. उत्तर गॅलरीत पाला चघळत होतं.

सोमवारी त्या कामावर गेल्या त्या साहेबांना टोपलीत घेऊनच. टेबलामागे बसल्या नाहीत. समोरच्या बाकावर, एका खोकणाऱ्या कुत्र्याशेजारी, टोपली मांडीवर घेऊन बसल्या. टोपलीवर टॉवेल होता. तो काढायला हात होत नव्हता.

डॉक्टर बाहेर डोकावले. “बाई? तिथे काय करताय?”

“नंबर लावलाय.”

आत गेल्यावर त्यांनी टॉवेल काढला. डॉक्टर त्या कासवाकडे पाहत राहिले. मग सवयीने विचारायला लागले. “कुणाचं?”

“माझं.”

“खायला काय देता?”

“पालेभाज्या.”

“पहिल्यापासून?”

“हो,” बाई म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं, अगदी सहज, जीभ चावायलाही वेळ मिळाला नाही. इतकं ठरवून आल्या होत्या आणि टेबलापाशी उभं राहताच बाकीच्या मालकांसारख्या त्याही खोटंच बोलल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “नाही. दूध-पाव. मांजराचं खाणं. बंद खिडकी. तुम्ही एकदा बाहेर कुणाला तरी म्हणाला होता ना, तस्सं.”

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ ते साहेबांची चोच, नखं, पाय बघत होते. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते दिसत होतं.

“तब्येत चांगली आहे,” शेवटी म्हणाले. “नंतर काळजी घेतलीत तुम्ही. पण मला सांगायला हवं होतंत, बाई.”

“हो.”

“त्या शिवणवाल्या बाई... पहिल्यांदा आल्या तेव्हा...”

“मी पाहिलं त्यांना जाताना. हाक नाही मारली.”

यावर डॉक्टर बेसिनकडे वळले. हात धुतले, पुसले. मग म्हणाले, “कागद तुम्ही लिहिलात, पण भिंतीत खिळा मी ठोकला. हसत हसत ठोकला. आता दोघांनी मिळून काढू.” त्यांनी खरंच बाहेर येऊन तक्ता उतरवला. खोकणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला वाटलं, रंगकाम निघालंय.

नवा कागद लिहायला बाईंना फार जड गेलं. सुरुवात अशी होती: ‘हे आमच्या घरचं कासव. याला आम्ही लहानपणी दूध-पाव दिला. त्याची पाठ अशी झाली.’ शेजारी साहेबांचा फोटो, वरून काढलेला, एकेक टेकाड दिसेल असा. पुढे: ‘तुमच्याकडून असं काही झालं असेल तर आजपासून हे करा,’ आणि मग पाला, ऊन, माती, पाणी. शेवटी: ‘पाठ सपाट होणार नाही, पण कासव जगेल. घेऊन या. काय खायला दिलं ते खरं सांगा. आम्हीही दिलं होतं.’

यजमानांनी वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. “अगं, घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं? वखारीत लोक मला काय म्हणतील?”

“म्हणतील, याची बायको कासवं बिघडवते.”

“तुला चालेल?”

“नाही हो चालत,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “लाजेने मेल्यासारखं होतंय मला. पण दुसरं काही सुचत नाही.” मुलगी तिथेच होती. या वेळी तिने म्हण म्हटली नाही. फोटो जरा काळपट आलाय, मी उन्हात दुसरा काढते, म्हणाली.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच. दोन दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. असलं कासव पाहून गिऱ्हाईक पळेल, म्हणाले. एक गृहस्थ टेबलाशी उभे राहून बाईंच्या देखतच बायकोला म्हणाले, “हिलाच नीट पाळता आलं नाही आणि ही आपल्याला शिकवणार!” बाईंनी त्यांचं नाव लिहून घेतलं, कासवाचं वजन केलं. कानशिलं तापली होती, ती दुपारपर्यंत निवली नाहीत. पण माणसं यायला लागली. टोपल्या, बादल्या, खोकी घेऊन. पूर्वी विचारलं की सगळे ‘पालेभाज्या’ म्हणत. आता इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून सांगत: भात, चीज, केक. एका आजोबांनी तर कासवाला रोज आपल्या ताटातलं मटण भरवलं होतं. प्रत्येक वेळी बाईंना साहेबांची गोष्ट नव्याने सांगावी लागे आणि ती सांगताना एकदाही सोपी झाली नाही.

मागच्या गल्लीत जायला त्यांना सगळ्यांत उशीर झाला. गेल्या तेव्हा शिलाईकाकू पडद्याला टीप मारत होत्या. मशिनखालची जागा झाडून स्वच्छ ठेवलेली होती. बाईंनी कागद पुढे केला. काकूंनी मशिन थांबवून वाचला, ओठ हलवत, पहिल्यासारखाच सावकाश. फोटोवरून बोट फिरवलं.

“हे तुमचं?”

“हो.”

“तेव्हाही होतं? मी आले होते तेव्हा?”

“होतं.”

काकूंनी वर पाहिलं. “मी परत गेले तेव्हा तुम्ही कुठे होता, ताई?”

“टेबलापाशीच.”

“पाहिलंत मला?”

इथे ‘गर्दी होती’ म्हणता आलं असतं. “पाहिलं,” बाई म्हणाल्या. “कशाला चाललात तेही समजलं. हाक मारली असती तर माझं उघडं पडलं असतं. म्हणून नाही मारली.”

काकूंनी कागद बाईंच्या हातात परत दिला. पडदा पुन्हा सुईखाली सरकवला आणि पायाने पॅडल चालवलं. लांबच लांब टीप होती. बाई उभ्याच. काकू बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. टीप संपली, काकूंनी दोरा दातांनी तोडला.

“आधी असतं तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “कागद ठेवून जा.”

बाई कागद ठेवून निघाल्या. दुकानाच्या पायरीशी त्यांच्या लक्षात आलं की आपण माफी मागितलीच नाही. परत फिरल्या, तर मशिन पुन्हा सुरू झालं होतं. त्या आवाजावर ओरडून मागायची ती कसली माफी, म्हणून तशाच घरी गेल्या.

उन्हाळा लागता लागता दवाखान्यात एक तरुण जोडपं आलं. नवरा बादली घेऊन दारातच घुटमळत होता. बायको पुढे झाली. “शिलाईकाकूंनी पाठवलंय,” म्हणाली. “तिथल्या बाईंना सगळं खरं सांगा, म्हणाल्या. त्या रागावणार नाहीत.”

“आणखी काही म्हणाल्या?”

“नाही. एवढंच.”

बाईंनी पेन उचललं आणि कासवाचं वय विचारलं. शिलाईकाकू स्वतः मात्र परत कधी दवाखान्यात आल्या नाहीत. बाजारात समोरासमोर आल्या की मान हलवत आणि पुढे जात. बाईही मान हलवत, आणि काकू वळणाआड जाईपर्यंत भाजीच्या गाड्यापाशी उभ्या राहत.